डोक्याला किरकोळ मार आणि पुढचा पक्षाघात: ॲस्पिरिनच्या आधी काय तपासायचं

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 61 वर्षांचे, नाशिकला सिडकोत राहतात. सहा आठवड्यांपूर्वी संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे स्कूटरवरून पडले. हेल्मेट नव्हतं. एक-दोन मिनिटं शुद्ध हरपली, नंतर दोनदा उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला, एक रात्र देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. ब्लडप्रेशरची एक गोळी आधीपासून चालू आहे. आता अधूनमधून डोकं दुखतं, मान आखडते, म्हणून त्यांनी दोनदा सलूनमध्ये मान मोडून घेतली. मुलाने कुठेतरी वाचलं की डोक्याला मार लागलेल्यांना पुढे लकव्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. तो विचारतो, एमआरआय करून घ्यावा का? आणि शेजारच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे रक्त पातळ करायची ॲस्पिरिन 75 ची गोळी रोज सुरू करावी का?

आधी सरळ उत्तर देतो. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. एमआरआय फक्त भीतीपोटी करू नका, पण मानेचं आणि डोक्याचं दुखणं कसं आहे यावर दुसऱ्या तपासण्या लागू शकतात. मान मोडून घेणं आजपासून बंद. आणि वडील पडले कसे, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारलेला दिसत नाही. माझ्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

वैद्यकीय भाषेत मेंदूची दुखापत ‘सौम्य’ कधी म्हणतात, ते आधी पाहू. शुद्ध हरपली असेल तर अर्ध्या तासाच्या आत परत आलेली, घटनेच्या आसपासचं विस्मरण 24 तासांपेक्षा कमी, आणि तपासणीच्या वेळी ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे हे मोजणारे गुण, 3 ते 15) 13 ते 15. तुमच्या वडिलांची दुखापत यात बसते. सौम्य म्हणजे काहीच झालं नाही असं मात्र नाही. सीटीमध्ये रक्त आणि हाडाचं फ्रॅक्चर दिसतं. पेशींच्या पातळीवरचा धक्का, सूक्ष्म तंतूंचा ताण, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बसलेला मार त्यात दिसत नाही. स्कॅन नॉर्मल असूनही माणसाला काही आठवडे डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं, आवाज सहन न होणं असा त्रास होतो तो यामुळे.

आता त्या ‘दुप्पट’कडे येऊ. हा आकडा हवेतून आलेला नाही. 2021 मध्ये 18 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूला मार लागलेल्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे 86 टक्क्यांनी जास्त आढळला. पहिले चार महिने तो सर्वाधिक होता आणि पाच वर्षांपर्यंत काही प्रमाणात टिकला. त्याआधी 2011 मध्ये तैवानमधल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत दहापट, वर्षभराच्या हिशेबात साडेचारपट आणि पाच वर्षांच्या हिशेबात सव्वादोनपट असे आकडे आले. हे वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण तुलना कोणाशी केली, हे बघितल्याशिवाय असे आकडे घरी लागू करू नयेत.

तैवानच्या अभ्यासात एका बाजूला डोक्याला मार लागलेले सर्व प्रकारचे रुग्ण होते, सौम्यही आणि गंभीरही. दुसऱ्या बाजूला डोक्याला मार न लागलेली माणसं. शिवाय ‘स्ट्रोक’ या शब्दाखाली गुठळीमुळे झालेला पक्षाघात आणि मेंदूतला रक्तस्राव दोन्ही मोजले होते. अपघात होणारी माणसं आणि न होणारी माणसं मुळातच वेगळी असू शकतात. ब्लडप्रेशर अनियंत्रित असणं, दारू, चालताना तोल जाणं, अशी कारणं अपघातालाही हातभार लावतात आणि पक्षाघातालाही. म्हणून मला 2013 चा कॅलिफोर्नियातला अभ्यास जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात अकरा लाखांहून जास्त जखमी होते आणि मेंदूला मार लागलेल्यांची तुलना इतर अवयवांना मार लागलेल्यांशी केली होती. म्हणजे दोन्हीकडे अपघात झालेलीच माणसं. साधारण 28 महिन्यांच्या पाठपुराव्यात गुठळीचा पक्षाघात पहिल्या गटात 1.1 टक्के आणि दुसऱ्या गटात 0.9 टक्के लोकांना झाला. वय, ब्लडप्रेशर, डायबेटिस यांचा हिशेब लावल्यावर वाढीव धोका सुमारे 31 टक्के उरला.

शंभरातल्या 99 जणांना त्या काळात असा पक्षाघात झाला नाही, दोन्ही गटांत. ‘दुप्पट’ हा शब्द खरा असूनही घाबरवतो, कारण मूळ धोका किती होता हे तो सांगत नाही. धोका खरा आहे, छोटा आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्या हातात आहे. माझं सगळं उत्तर याच समजुतीवर उभं आहे.

मार लागल्यावर धोका वाढतो तो का? एकच कारण सांगता येत नाही. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावलं की तिथे गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढते. ब्लडप्रेशर वरखाली झालं तरी मेंदूचा रक्तपुरवठा सारखा ठेवणारी यंत्रणा काही काळ बिघडते. दाह सुरू होतो आणि रेंगाळतो. या गोष्टी जैविकदृष्ट्या पटण्यासारख्या आहेत. पण दवाखान्यात रोज दिसणारं कारण साधं असतं. मार लागल्यानंतर माणूस चालायला जाणं सोडतो, वजन वाढतं, झोप बिघडते, डोकेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्यांचा रतीब लागतो, आणि त्या गडबडीत ब्लडप्रेशरची गोळी कधी चुकते ते कळत नाही.

आता पडण्याच्या कारणाकडे वळतो. ‘स्कूटर घसरली’ हे वडिलांना स्वतःला आठवतंय, की लोकांनी उचलल्यावर कुणी तरी सांगितलं? हा फरक मोठा आहे. मार लागल्यामुळे आदल्या काही मिनिटांचं विस्मरण होतं, त्यामुळे खरं कारण रुग्णाला सांगता येत नाही आणि घरचे रस्त्यावरच्या वाळूला दोष देऊन मोकळे होतात. काही वेळा आधी छोटा पक्षाघात येतो, किंवा हृदयाचे ठोके गडबडून क्षणभर चक्कर येते, किंवा साखर खाली जाते, आणि मग माणूस पडतो. अशा माणसाला सहा महिन्यांनी लकवा झाला तर सगळे म्हणतात ‘त्या माराचाच परिणाम’. प्रत्यक्षात मार हाच पहिल्या आजाराचा परिणाम असतो. अभ्यासांतल्या आकड्यांत ही उलटी साखळी काही प्रमाणात मिसळलेली असते, आणि मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले आकडे जास्त दिसण्याचं ते एक कारण असू शकतं.

म्हणून ज्यांनी पडताना पाहिलं त्यांना गाठा. टपरीवाला, रिक्षावाला, मागून येणारा, कुणीही चालेल. त्यांना विचारा: ब्रेक मारला होता का, की गाडी सरळ जाता जाता कलली? पडण्याआधी हँडल सुटलं का? पडताना हात पुढे आले होते का? हातावर, गुडघ्यावर खरचटलं नसेल आणि मार थेट तोंडाला किंवा कपाळाला असेल, तर पडण्याआधीच शुद्ध गेली असण्याची शंका घ्यावी लागते. अंगाला झटके आले का, जीभ चावली गेली का, कपड्यात लघवी झाली का? शुद्धीवर आल्यावर बोलणं अडखळत होतं का, तोंड एका बाजूला होतं का? आणि गेल्या वर्षभरात ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘हात पाच मिनिटं बधिर झाला आणि बरा झाला’ असं कधी घडलं होतं का?

यातल्या कशाचंही उत्तर संशयास्पद असेल तर ईसीजी, शक्य असेल तर 24 तासांचं होल्टर (अंगावर बांधून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र), हृदयाचा टू-डी इको आणि मानेच्या धमन्यांचा डॉपलर या तपासण्यांना अर्थ आहे. ईसीजी तर काही संशय नसला तरी करून घ्यावा. वयाच्या साठीनंतर अनियमित ठोक्यांचा एक आजार, एट्रियल फिब्रिलेशन, काही लक्षण न दाखवता असू शकतो. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी धरते आणि मेंदूत जाते. अशा रुग्णाला ॲस्पिरिन पुरेशी ठरत नाही. त्याला वेगळ्या वर्गातलं, डॉक्टरांनी मोजून दिलेलं रक्त पातळ करणारं औषध लागतं. घरी मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. ठोक्यांना काही तालच नसेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

आणखी एक तपासणी घरी होते. वडिलांना पाच मिनिटं आडवं झोपवून ब्लडप्रेशर घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त खाली येत असेल तर उठताना तोल जाण्याचं कारण तिथे सापडू शकतं. प्रोस्टेटच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी ब्लडप्रेशरची औषधं यामुळे असं होतं. ती औषधं स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना आकडे दाखवा.

पक्षाघातासारखी दिसणारी पण पक्षाघात नसलेली एक गोष्ट नेमकी याच काळात डोकं वर काढते. तिला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. मेंदू आणि त्याच्यावरचं जाड आवरण यांच्यामध्ये ताणलेल्या बारीक शिरा असतात. वयाने किंवा दारूने मेंदू थोडा आकसला की त्या आणखी ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही त्यातून थेंब थेंब रक्त झिरपू लागतं. पहिल्या दिवशीचा सीटी नॉर्मल असतो, आणि दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही हे रक्त साठून मेंदूवर दाब आणतं. माणूस सुस्त होतो, चालताना एक पाय ओढतो, डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते, विसरभोळेपणा येतो, अंगरख्याची बटणं चुकीची लागतात, क्वचित कपड्यात लघवी होते. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा लकव्याची सुरुवात आहे. इथे कुणी ॲस्पिरिन सुरू केली तर रक्तस्राव वाढू शकतो. तुमच्या प्रश्नातल्या गोळीला माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

तपासणी सोपी आहे, कॉन्ट्रास्टशिवायचा, म्हणजे शिरेतून औषध न टोचता केलेला साधा सीटी. एक बारकावा सांगतो. साधारण एक ते तीन आठवड्यांच्या काळात हे साठलेलं रक्त सीटीवर मेंदूच्याच रंगाचं दिसतं, आणि दोन्ही बाजूंना सारखं असेल तर घाईत नजरेतून सुटू शकतं. म्हणून रेडिऑलॉजिस्टला ‘सहा आठवड्यांपूर्वी डोक्याला मार लागला होता’ हे लेखी सांगा आणि पहिल्या सीटीची फिल्म किंवा सीडी सोबत न्या. निदान झालं तर बऱ्याच रुग्णांत कवटीला छोटी छिद्रं पाडून रक्त काढून टाकता येतं आणि गेलेली ताकद अनेकदा परत येते. नाशिकमध्ये ही शस्त्रक्रिया होते, त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नसते.

तुमच्या वडिलांची डोकेदुखी पहिल्या आठवड्यापेक्षा कमी होत आलेली असेल, चालणं-बोलणं-वागणं पूर्वीसारखं असेल, तर थांबायला हरकत नाही. ती वाढत असेल, सकाळी उठल्यावर किंवा वाकल्यावर जास्त होत असेल, किंवा वर सांगितलेल्यापैकी एकही बदल दिसला असेल, तर या आठवड्यात नाही, आजच सीटी पुन्हा करा.

मानेचं प्रकरण मी वेगळं आणि गंभीर धरतो. डोक्याला धक्का बसतो तेव्हा मानेलाही झटका बसतो. मानेतल्या चार धमन्या, पुढच्या दोन कॅरोटिड आणि मणक्यातून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, मेंदूला रक्त पुरवतात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. त्या चिरेत रक्त शिरून भिंतीचा पापुद्रा सुटतो, तिथे गुठळी धरते आणि पुढे मेंदूत जाते. याला धमनीचं डिसेक्शन म्हणतात. पन्नाशीच्या आतल्या पक्षाघातांचं हे एक महत्त्वाचं कारण आहे आणि ते अगदी किरकोळ धक्क्यानेही होतं. कसारा घाटात गाडीला मागून बसलेला धक्का, क्रिकेट खेळताना पडणं, आणि हो, सलूनमध्ये कडकन मोडलेली मान. व्हर्टिब्रल धमनी मानेच्या वरच्या मणक्यांपाशी वळण घेते. मान झटक्यात फिरवली की ती तिथेच ताणली जाते. बहुतेकांना काही होत नाही हे खरं. पण नुकताच मार लागलेल्या मानेला असा झटका देणं म्हणजे आधीच चिरलेली पाइप पिळण्यासारखं आहे. हाडवैद्याकडचं मान ओढणंही यातच आलं.

साधं स्नायूंचं दुखणं आणि धमनीचं दुखणं यांत फरक कसा करायचा? स्नायूचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं, दाबल्यावर दुखतं, शेक घेतल्यावर सैल होतं आणि आठवड्यागणिक कमी होतं. धमनीचं दुखणं बहुधा एका बाजूला असतं, मानेत किंवा कानामागे किंवा डोक्याच्या मागच्या भागात, आणि ‘असं आजवर कधी दुखलं नव्हतं’ असं रुग्ण सांगतो. त्यासोबत एका डोळ्याची पापणी किंचित खाली उतरली, त्याच डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा लहान दिसली, कानात नाडीच्या तालावर सूं सूं ऐकू आलं, एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आला, गरगरून एकाचं दोन दिसलं किंवा गिळताना ठसका लागला, तर वेळ घालवू नका. बाहुली नीट दिसत नसेल तर मोबाइलवर चेहऱ्याचा जवळून फोटो काढा आणि जुन्या फोटोशी ताडून पाहा.

अशा वेळी नुसता मेंदूचा साधा सीटी पुरत नाही. महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा सीटी) लागते, किंवा एमआरआयमध्ये मानेचे चरबी दाबलेले टी-वन छेद (चरबीची चमक घालवून घेतलेल्या प्रतिमा) आणि अँजिओ. रेफरन्स चिठ्ठीवर ‘मानेच्या धमनीचं डिसेक्शन आहे का’ असा नेमका प्रश्न लिहून घ्या. फक्त ‘ब्रेन एमआरआय’ लिहिलं तर मान तपासलीच जात नाही. सीटी अँजिओच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहतात. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. डिसेक्शन निघालं तर रक्त पातळ करणारं औषध सहसा तीन ते सहा महिने देतात. तेव्हा ॲस्पिरिनला अर्थ असतो, कारण निदान हातात असतं आणि रक्तस्राव नाही हे बघितलेलं असतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅडिस चाचणीत ॲस्पिरिनसारखी औषधं आणि तीव्र रक्त पातळ करणारी औषधं यांची तुलना झाली. दोन्ही गटांत पुढचे पक्षाघात थोडेच होते आणि ठळक फरक आढळला नाही. म्हणून कोणतं औषध हे डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात.

डिसेक्शनमुळे होणारे पक्षाघात मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतात. सहा आठवडे उलटून गेल्यामुळे मूळ अपघाताचा तो धोका आता बराच ओसरला आहे. पण सलूनमधली दुसरी वेळ कधीची होती? ती गेल्या पंधरवड्यातली असेल तर घड्याळ तिथून मोजा.

एमआरआयबद्दल आता थोडक्यात. लक्षणं नसताना 61 वर्षांच्या, ब्लडप्रेशर असलेल्या माणसाचा एमआरआय केला की पांढरे छोटे ठिपके निघण्याची शक्यता बरीच असते. ते बहुधा वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरचे असतात, पण रिपोर्टवरचे शब्द वाचून घर आठवडाभर झोपत नाही. त्याने उपचार बदलतात ते एवढेच की ब्लडप्रेशर आणखी काटेकोर ठेवा. ते तर एमआरआयशिवायही करायचंच आहे. पडण्याचं कारण संशयास्पद निघालं, किंवा तपासणीत एखाद्या बाजूची ताकद कमी आढळली, तर मात्र एमआरआय जरूर करा.

ॲस्पिरिनबद्दल आणखी एक गोष्ट. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात कधीच झालेला नाही, अशांना ती रोज देऊन फायदा होतो का, यावरच्या तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. मिळणारा फायदा नगण्य होता किंवा रक्तस्रावाच्या धोक्याने तो फिटून गेला. हे डोक्याला मार न लागलेल्यांबद्दल. मार लागल्यानंतरच्या काही महिन्यांत पारडं आणखीच रक्तस्रावाकडे झुकतं.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्यांना स्टेंट बसवलाय, कृत्रिम झडप आहे, एट्रियल फिब्रिलेशन आहे किंवा आधी लकवा होऊन गेलाय, त्यांनी डोक्याला मार लागला म्हणून आपली गोळी घाबरून परस्पर बंद करू नये. बंद केल्याने गुठळी धरते आणि टाळता येण्यासारखा पक्षाघात होतो. अशा रुग्णाला मार लागला की लक्षणं नसली तरी सीटी करावा, वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) पाहावा, आणि गोळी किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि न्यूरोच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

आता ब्लडप्रेशर. वरचा आकडा 10 ने खाली आणला तर पक्षाघाताचा धोका ढोबळमानाने पाव भागाने कमी होतो, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या अभ्यासातल्या 31 टक्के वाढीशी हे ताडून पाहा. वडिलांचं ब्लडप्रेशर 145 वरून 135 वर आणलं तर माराने वाढलेला धोका जवळजवळ भरून निघतो. गणित ढोबळ आहे, पण ताकद कुठे लावायची हे त्यातून कळतं. काकांच्या गोळीत हे सामर्थ्य नाही.

‘गोळी चालू आहे’ म्हणजे ब्लडप्रेशर आटोक्यात आहे असं समजू नका. दंडाला बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, बोलू नका. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर ब्लडप्रेशर आटोक्यात नाही. ही वही डॉक्टरांना दाखवली की औषधाचा निर्णय पाच मिनिटांत होतो, नाहीतर दवाखान्यातल्या एकाच आकड्यावर सगळं ठरतं.

मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. भाजीत मीठ कमी करून ताटात पापड, लोणचं आणि चार वाजता चिवडा-शेव असेल तर हिशेब जमत नाही. मिसळ महिन्यातून एकदा खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. रोजचं खारवलेलं बिघडवतं. तंबाखू, मशेरी, बिडी यांपैकी काही असेल तर ते सोडणं ब्लडप्रेशरच्या बरोबरीने महत्त्वाचं आहे. उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) एकदा करून घ्या. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, ब्लडप्रेशर न उतरण्यामागे ते असू शकतं.

डोकेदुखीसाठी कोणती गोळी घेताहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागली तर पॅरासिटामॉल 500 ची घ्यावी, यकृताचा आजार नसेल तर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर ब्लडप्रेशर चढतं आणि गुठळीचा धोकाही वाढतो. मेडिकलमधून ‘मायग्रेनची’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत अर्गोटामाइन असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. ब्लडप्रेशरच्या रुग्णाने ते घेऊच नये. आणि साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात 15 दिवस किंवा जास्त घेतली तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं.

एवढं करूनही पक्षाघाताची लक्षणं दिसली तर काय करायचं हे घरात प्रत्येकाला माहीत असू द्या. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं किंवा अर्थहीन होणं, अचानक एका बाजूचं दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं. पहिली गोष्ट, शेवटचं पूर्णपणे ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तास त्या वेळेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. झोपेतून उठतानाच लक्षणं दिसली तर रात्री झोपतानाची वेळ लिहा. 108 ला फोन करा. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. ॲस्पिरिनसुद्धा नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय सांगता येत नाही. ब्लडप्रेशर जास्त दिसलं तरी जिभेखाली गोळी ठेवून ते झटक्यात उतरवू नका, मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. लकव्याचं गावठी औषध आणायला कुणाला पाठवू नका, तेवढ्यात इंजेक्शनची वेळ निघून जाते.

तुम्ही शहरात आहात, त्यामुळे अंतर कमी आहे. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या नातेवाइकांचे रस्त्यातच दोन तास जाऊ शकतात. म्हणून कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी आणि न्यूरोचे डॉक्टर असतात हे आजच फोन करून विचारून ठेवा. दारात पोहोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: ‘सहा आठवड्यांपूर्वी डोक्याला मार लागला होता, सीटी नॉर्मल होता.’ गेल्या तीन महिन्यांत डोक्याला गंभीर मार लागलेला असेल तर ते इंजेक्शन देत नाहीत. सौम्य मार आणि नॉर्मल स्कॅन असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो. पण हा फरक कागद पाहूनच ठरतो. डिस्चार्ज कार्ड आणि सीटीचा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या किमान दोघांकडे ठेवा. मोठी धमनी बंद झाली असेल तर कॅथेटरने गुठळी ओढून काढण्याचा मार्ग इंजेक्शन देता येत नसतानाही उपलब्ध असतो. निवडक रुग्णांत तो 24 तासांपर्यंत वापरतात.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. वडिलांनी स्कूटर पुन्हा कधी चालवावी? पडण्याचं कारण स्पष्ट होईपर्यंत नाही. साक्षीदाराने ‘वाळूवर चाक घसरलं, ब्रेक मारताना पाहिलं’ असं सांगितलं, ईसीजी ठीक आला, चक्कर आणि सुस्ती नाही, तर डॉक्टरांना दाखवून हळूहळू सुरू करता येईल. आधी दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, द्वारका किंवा मुंबई नाक्याची गर्दी टाळून. हेल्मेट आयएसआय चिन्हाचं, त्यावर आयएस 4151 लिहिलेलं पाहून घ्या. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जावीत. आणि बांधलेलं असताना मागून वर ढकललं तर ते डोक्यावरून निघता कामा नये.